कोकणातील लेप्टो संशोधनाला बारमाही तंत्रज्ञ हवेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मृगाचा पाऊस स्थिरावला की आपल्या वृत्तपत्राच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या पानांवर लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या रोगाच्या) संशयित रुग्णांच्या बातम्या येऊ लागतात, भातकापणीपर्यंत अधूनमधून येत राहतात आणि दिवाळीच्या सुमारास थांबतात. त्या संशयितांपैकी किती जणांना खरोखरच लेप्टो झाला होता आणि तो त्याच्या कोणत्या प्रकाराने झाला होता, हे मात्र वाचकांना सहसा कळत नाही. ते का कळत नाही, याचे उत्तर बऱ्याच अंशी प्रयोगशाळेत दडलेले आहे. मी कोकणातील एका जंतुरोग संशोधन प्रकल्पात लॅब टेक्निशियन म्हणून काम करते. या विषयावर डॉक्टर लिहितात, अधिकारी निवेदने काढतात. परंतु नमुन्याची नळी ज्यांच्या हातून जाते त्यांचे म्हणणे क्वचितच छापून येते, म्हणून हे पत्र.

लेप्टोस्पायरा हा जंतू उंदीर, गुरे, डुकरे आणि कुत्रे यांच्या मूत्रपिंडात राहतो, लघवीवाटे ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात उतरतो आणि तिथून माणसाच्या जखमेतून, डोळ्यांतून किंवा पाण्यात भिजून मऊ पडलेल्या त्वचेतून शरीरात शिरतो. चिखळणीच्या आणि लावणीच्या दिवसांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत अनवाणी मळ्यात उभे राहणाऱ्या, पायांच्या बोटांत चिखल्या झालेल्या, घरी आल्यावर पुन्हा गोठा साफ करणाऱ्या कोकणातल्या बाईला हा रोग का गाठतो, हे त्यावरून सहज समजेल. शहरेही यातून सुटलेली नाहीत. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली होती, आणि २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणमध्ये शिरले तेव्हा घरादारांतला गाळ उपसणाऱ्या प्रत्येकाच्या बाबतीत आरोग्य यंत्रणेला हीच धास्ती होती.

आता प्रयोगशाळेकडे वळते. तापाच्या पहिल्या आठवड्यात हा जंतू रक्तात असतो. पीसीआर (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) किंवा कल्चर (जंतू प्रयोगशाळेत वाढवणे) करायचे तर नमुना याच दिवसांत आणि शक्यतो प्रतिजैविकाचा पहिला डोस पोटात जाण्याआधी घ्यावा लागतो. पाचव्या ते सातव्या दिवसापासून रक्तातला जंतू कमी होत जातो आणि त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे दिसू लागतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी वापरले जाणारे आयजीएम किट या प्रतिपिंडांवर चालते. म्हणजे तिसऱ्या दिवशी घेतलेल्या रक्तावर किट निगेटिव्ह आले तर रुग्णाला लेप्टो नाही असे म्हणता येत नाही. उलट बाजूनेही अडचण आहे, कारण ही प्रतिपिंडे काही महिने रक्तात टिकू शकतात आणि जो शेतकरी दर वर्षी त्याच मळ्यात उतरतो त्याच्या रक्तात ती मागच्या संसर्गाचीही असू शकतात. म्हणून खात्रीसाठी दोन नमुने लागतात, एक तापात आणि दुसरा साधारण दहा ते चौदा दिवसांनी, आणि दुसऱ्यात प्रतिपिंडांचे प्रमाण चौपट किंवा अधिक वाढलेले दिसावे लागते.

पुस्तकात हे दोन ओळींचे काम आहे. प्रत्यक्षात पहिल्या नळीच्या लेबलवर रुग्णाचे नाव, वय, गाव आणि दाखल झाल्याची तारीख असते, ताप कधी सुरू झाला ते मात्र लिहिलेले नसते, आणि त्या एका तारखेशिवाय आमच्या दृष्टीने बाकीचा मजकूर जवळजवळ निरुपयोगी असतो. मग कोणीतरी वॉर्डात फोन करून विचारायचे, तिथे कळले नाही तर आशाताईंना गाठायचे. दुसऱ्या नमुन्यासाठी तर थेट वाडीवर जावे लागते, कारण तोपर्यंत रुग्ण बरा होऊन घरी गेलेला असतो आणि भर लावणीत त्याला परत दवाखान्यात यायला सवड नसते. ‘आता बरां वाटता, परत रगात कित्याक?’ हा प्रश्न आम्हाला दर पावसाळ्यात दारोदार ऐकावा लागतो, आणि तो चुकीचा नाही. त्या माणसाच्या उपचारात दुसऱ्या नमुन्याने आता काहीच फरक पडणार नसतो. फरक पडणार असतो तो पुढच्या वर्षी त्याच वाडीतल्या दुसऱ्या कोणाला तरी. हे मालवणीत, उंबऱ्यावर उभे राहून, समोरच्याचा वेळ न खाता सांगता येणे हे आमच्या कामाचे एक मोठे अंग आहे, आणि डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या पदविकेच्या, अभ्यासक्रमात ते शिकवत नाहीत. ओळखीच्या माणसाने मागितले तरच लोक दुसऱ्यांदा हात पुढे करतात. दर वर्षी नवा चेहरा गेला तर दुसरे नमुने मिळत नाहीत, एवढे मी अनुभवाने सांगू शकते.

कल्चरची गोष्ट आणखी निराळी आहे. ई. कोलायसारखा जंतू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, त्यामुळे आज पेरला की उद्या सकाळी प्लेटवर त्याच्या वसाहती दिसतात. रोगकारक लेप्टोस्पायराला दुप्पट व्हायला सहा-आठ तासांपासून वीस तासांपर्यंत लागतात, आणि रुग्णाच्या रक्तातून तो प्रथम वर यायला काही आठवडे, कधी कधी तीन-चार महिने जातात. त्याला २८ ते ३० अंश सेल्सिअस तापमान आणि अल्ब्युमिन व ट्वीन ८० घातलेले खास माध्यम लागते. पाच मिलिलिटर माध्यमात रक्ताचे एक-दोन थेंबच घालायचे, कारण जास्त रक्त घातले तर रक्तातलेच घटक त्याची वाढ रोखतात. रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घातलेल्या नळीतले रक्त त्यासाठी चालत नाही. आणि सगळ्यांना बुचकळ्यात टाकणारा नियम म्हणजे कल्चरचा नमुना बर्फात ठेवायचा नाही. इतर बहुतेक नमुने थंड डब्यातून पाठवायची सवय अंगवळणी पडलेली असल्यामुळे एखादा प्रामाणिक, कष्टाळू कर्मचारीसुद्धा नेमकी हीच नळी आइस-पॅकशेजारी ठेवतो, आणि ती आमच्यापर्यंत पोहोचते तेव्हा तिच्यातला जंतू बहुधा थंडीनेच गेलेला असतो. सीरम (रक्तातून पेशी वगळून उरलेला द्रव) थंड, कल्चर बाहेर, हे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रत्यक्ष जाऊन, पुन्हा पुन्हा सांगावे लागते. परिपत्रकाने ते होत नाही.

नळी इन्क्युबेटरमध्ये गेल्यावर दर आठवड्याला तिच्यातला एक थेंब काढून डार्क फील्ड सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. हा जंतू जाडीला जेमतेम ०.१ मायक्रोमीटर असल्यामुळे नेहमीच्या ग्रॅम रंजनात तो दिसत नाही. काळ्याभोर पार्श्वभूमीवर रुपेरी, बारीक पीळ असलेले धागे स्वतःभोवती गरगर फिरताना दिसतात आणि त्यांची टोके छत्रीच्या मुठीसारखी वळलेली असतात. नवख्या माणसाला फायब्रिनचे तंतू आणि तांबड्या पेशींचे तुकडेही अगदी तसेच हलताना दिसतात, आणि त्यामुळे नसलेला लेप्टो सापडतो. हा फरक डोळ्यांत बसायला एक अख्खा पावसाळा कोणा जाणत्याच्या शेजारी बसावे लागते.

या रोगाच्या निदानात संदर्भ म्हणून मानली जाणारी मॅट (मायक्रोस्कोपिक ॲग्लुटिनेशन टेस्ट) चाचणी तर पूर्णपणे माणसाच्या नजरेवर आणि चिकाटीवर उभी आहे. तिच्यात रुग्णाचे सीरम दुपटी-दुपटीने पातळ करत न्यायचे, प्रत्येक पातळीत जिवंत लेप्टोस्पायरा मिसळायचे आणि कोणत्या पातळीला निम्मे जंतू एकमेकांना चिकटून गठ्ठे झाले ते डार्क फील्डखाली ठरवायचे. लेप्टोचे अडीचशेहून अधिक सेरोव्हार (उपप्रकार) जगात नोंदले गेले आहेत. त्यांतले निवडक प्रतिनिधी प्रयोगशाळेत जिवंत ठेवावे लागतात, आणि ते जिवंत राहण्यासाठी दर आठवड्या-पंधरवड्याला ताज्या माध्यमात त्यांचे सब-कल्चर करावे लागते. गणपतीची सुट्टी असो, शिमगा असो, निसर्ग किंवा तौक्ते वादळाने वीज दिवसेंदिवस गेलेली असो, नळ्या बदलायच्या त्या दिवशी कोणीतरी बदलाव्याच लागतात. त्यात एकदा दुसरा जंतू शिरला की ०.२२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळून लेप्टो वेगळा काढावा लागतो. लेप्टो स्वतः एवढा बारीक आहे की तो फिल्टरपलीकडे निघून जातो आणि बहुतेक इतर जंतू मागे राहतात. यातले कोणतेही काम यंत्रावर सोपवून घरी जाता येत नाही.

इतके तपशीलवार लिहिण्याचे कारण असे की, जो जंतू उगवायलाच कधी कधी तीन-चार महिने घेतो त्याच्यावर काम करणाऱ्या तंत्रज्ञाची नेमणूक मात्र सर्रास अकरा महिन्यांच्या करारावर, प्रकल्पाच्या निधीला बांधून केली जाते. प्रकल्प दोन-तीन वर्षांचा असतो. पहिले वर्ष मंजुऱ्या, खरेदी आणि शिकण्यात जाते, दुसऱ्या वर्षी हात बसतो आणि तिसऱ्या वर्षी तो माणूस दुसरी नोकरी शोधू लागतो. त्याला दोष देता येणार नाही. घर त्यालाही चालवायचे असते आणि जवळच्या शहरातली खासगी पॅथॉलॉजी लॅब त्याला निदान महिन्याच्या महिन्याला पगार देते. माझ्या पाहण्यातल्या एका प्रकल्पाची मुदत मार्चअखेर संपली आणि मुदतवाढीचा आदेश ऐन पावसाळ्यात आला. मधल्या काळात सब-कल्चर करायला अधिकृतपणे कोणी नव्हते. विकत किंवा मागवून घेतलेल्या संदर्भ नळ्या नंतर पुन्हा मिळवता आल्या, पण इथल्याच रुग्णांच्या रक्तातून कित्येक आठवडे वाट पाहून वाढवलेले जंतू गेले ते गेलेच. कागदोपत्री या नुकसानीची नोंद कुठेही नाही, कारण नळीतला जंतू हा साठा नोंदवहीतला जिन्नस नसतो.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, आता झटपट किट आली आहेत, मग या जुन्या पद्धतीच्या कसरती कशाला? रुग्णाच्या उपचारापुरते पाहिले तर या म्हणण्यात तथ्य आहे, आणि मी हेही स्पष्ट करते की कोणत्याही डॉक्टरांनी आमच्या कल्चरसाठी थांबू नये. लक्षणे आणि चिखल-पाण्याशी आलेला संबंध यांवरून संशय आला तर डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिन तात्काळ सुरू करणेच योग्य. परंतु किट फक्त हो किंवा नाही सांगते. जंतू कोणत्या प्रकाराचा आहे, तो उंदरांकडून येतो आहे की गोठ्यातल्या गुरांकडून, याचा माग किटने लागत नाही, आणि तो लागल्याशिवाय उंदीर मारण्यावर खर्च करावा की गुरांकडे लक्ष द्यावे हे ठरवता येत नाही. शिवाय किटही नेहमीच सारखे वागत नाही. ते आपल्या भागात कितपत खरे उतरते हे तपासण्यासाठीसुद्धा मॅटच लागते, आणि त्या मॅटच्या संचात आपल्याच मातीतले जंतू असावे लागतात.

दुसरा आक्षेप असा की, खात्रीसाठी नमुने मोठ्या संस्थेकडे पाठवता येतात. पाठवावेतच. पण या बाबतीत अंदमानचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. तिथे १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पावसाळ्यानंतर एका जीवघेण्या तापाच्या साथी येत असत आणि फुप्फुसांतून रक्तस्राव होऊन माणसे दगावत असत. कारण न कळल्यामुळे तो ‘अंदमानचा रक्तस्रावी ताप’ म्हणूनच ओळखला जाई. तो लेप्टो असल्याचे १९९० च्या दशकात सिद्ध झाले ते पोर्ट ब्लेअर येथील भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या केंद्राच्या कामातून, आणि पुढे त्याच केंद्राला लेप्टोसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे सहयोगी केंद्र म्हणून मान्यता मिळाली. समुद्राने वेढलेल्या बेटांवर बारमाही प्रयोगशाळा उभी राहू शकते, तर कोकणात न होण्याचे काही कारण दिसत नाही.

लेप्टोपुरताच हा प्रश्न मर्यादित असता तरी मी हे पत्र लिहिले असते, पण तसे नाही. आपल्या खाली, कर्नाटकाच्या किनाऱ्यावर, उडुपी-मणिपाल-मंगळुरूच्या रुग्णालयांत मेलिऑइडोसिसचे रुग्ण अनेक वर्षांपासून नोंदले जात आहेत. तो जंतू, बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलेई, ओल्या मातीत राहतो आणि विशेषतः मधुमेही माणसांना पावसाळ्यात गाठतो. आपल्याकडेही तसाच पाऊस, तशीच भातशेती आणि घरोघरी मधुमेह आहे. हा जंतू कल्चरमध्ये उगवला तरी ओळखला जाईलच असे नाही. घाईत असलेल्या प्रयोगशाळेत त्याला ‘स्यूडोमोनास’ असे मोघम लिहून किंवा बाहेरून शिरलेला जंतू समजून प्लेट टाकून दिली जाऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरकुतू लागणारी कोरडी वसाहत पाहून, आणि हा जंतू जेंटामायसिन व कोलिस्टिन या प्रतिजैविकांना दाद देत नाही पण को-अमॉक्सिक्लॅव्हला देतो हे विचित्र गणित लक्षात घेऊन जो थबकतो, तोच तंत्रज्ञ त्या रुग्णाला वाचवतो. कारण या रोगात आधी निदान दहा ते चौदा दिवस शिरेतून सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम आणि त्यानंतर किमान तीन महिने गोळ्या द्याव्या लागतात. नेहमीच्या न्यूमोनियाच्या औषधांवर रुग्ण हाती लागत नाही. हा रोग रंगूनमध्ये प्रथम वर्णन करणाऱ्या १९१२ च्या निबंधावर व्हिटमोर आणि कृष्णस्वामी अशी दोन नावे होती, पण रोगाचे पुढे जे दुसरे नाव रूढ झाले ते एकट्या व्हिटमोरचे. सहायकांच्या बाबतीतली ही रीत तशी जुनीच आहे, तिच्याबद्दल माझी आज तक्रार नाही.

धोक्याबद्दलही थोडे लिहिले पाहिजे. मॅटसाठी आम्ही जिवंत, रोगकारक जंतू हाताळतो. डोळ्यात उडालेला एक थेंब किंवा हातमोज्यातून गेलेली सुई पुरेशी असते. मेलिऑइडोसिसच्या जंतूची प्लेट तर सुरक्षा कॅबिनेटबाहेर उघडायचीच नसते, आणि प्लेटचा वास घेऊन जंतू ओळखण्याची जुनी खोड तिथे अंगाशी येते. नियमित कर्मचाऱ्याला कामावर असताना आजार झाला तर रजा आणि वैद्यकीय खर्चाची काही सोय असते. कंत्राटी तंत्रज्ञ मात्र आजारी पडला की त्या दिवसाचा पगार गमावतो.

यंत्रसामग्रीची सबब आता पुढे करता येणार नाही. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत आरटी-पीसीआर प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, आणि योग्य रसायने मिळाली तर त्याच यंत्रांवर लेप्टोचीही पीसीआर होऊ शकते. अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोस येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली असून त्यांना सूक्ष्मजीवशास्त्राचे विभाग आहेत. साथीच्या काळात राज्यभर घाईघाईने घेतलेल्या कंत्राटी तंत्रज्ञांपैकी अनेकांना मात्र साथ ओसरताच घरी पाठवण्यात आले, आणि त्यांच्याबरोबर हात बसलेले कामही गेले.

म्हणून शासनाकडे आणि कोकणातल्या लोकप्रतिनिधींकडे माझी मागणी अशी की, या तिन्ही महाविद्यालयांपैकी निदान एका ठिकाणी लेप्टो आणि मातीतून येणाऱ्या इतर जंतुरोगांसाठी बारमाही कल्चर व मॅटची सोय करावी आणि तिथल्या तंत्रज्ञांची पदे प्रकल्पाच्या निधीतून न भरता आकृतिबंधातच (कायम पदांच्या आराखड्यातच) मंजूर करावीत. नवी पदे मंजूर व्हायला वेळ लागतो हे मला माहीत आहे. तोपर्यंत दोन गोष्टी तरी करता येतील. प्रकल्पाची मुदत मार्चअखेर संपत असेल तर मुदतवाढीचा निर्णय फेब्रुवारीतच घ्यावा, आणि सब-कल्चरची जबाबदारी मधल्या काळात कोणाकडे राहील ते त्या आदेशातच नावानिशी लिहावे. नमुन्याच्या लेबलवर ‘ताप सुरू झाल्याची तारीख’ असा रकाना छापून घ्यायला तर मंत्रालयापर्यंत जाण्याचीही गरज नाही. जिल्हा पातळीवर छपाईचे काम निघते तेव्हा ते करता येईल, आणि ते येत्या लावणीच्या आत झाले तर याच हंगामातले नमुने कामी येतील.

आपली विश्वासू,
एक लॅब टेक्निशियन
जि. सिंधुदुर्ग
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)